पर्सेपोलिस कुणाचं, आझादी कुणाचं

प्रश्न असा आला आहे: एफसी गोवाशी खेळलेल्या, इराणची राजधानी तेहरानच्या पर्सेपोलिस या फुटबॉल क्लबबद्दल वाचताना स्थापनेचं साल १९६३ दिसतं, पण गोष्ट सांगणारे सुरुवात १९६७ पासून करतात. जुन्या निकालांत त्याच संघाचं नाव 'पिरूझी' असतं. आणि आझादी स्टेडियम पर्सेपोलिसचं घर म्हणतात, तसंच त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचं, एस्तेग्लालचंही. यातलं खरं काय?

सगळंच खरं आहे. गेली वीसेक वर्षं मी आशियाई फुटबॉलचं समालोचन करतो आणि त्यावर लिहितो. या एका क्लबने मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कुठल्या क्लबने शिकवलं नाही. क्लबचं नाव बदललं, मालक बदलले, एकदा तर जवळजवळ अख्खा संघ दुसरीकडे जाऊन परत आला. मैदान स्वतःचं कधीच नव्हतं. तरी क्लब टिकला, तो फक्त त्याच्या माणसांमुळे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथेच आहेत, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

१९४२ साली तेहरानमध्ये अब्बास एकरामी नावाच्या शिक्षकाने 'शाहीन' हा क्लब काढला. शाहीन म्हणजे ससाणा. महायुद्ध चालू होतं, इराणात परकी फौजा होत्या. अशा काळात एकरामींनी शाळकरी पोरं गोळा केली आणि त्यांना एक क्रम घालून दिला: आधी चारित्र्य, मग अभ्यास, मग खेळ. शाहीनमधून डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले आणि राष्ट्रीय संघाचे खेळाडूही झाले. वाड्या-वस्त्यांतल्या लोकांना हा क्लब आपला वाटायचा, कारण तो ना दरबाराचा होता, ना लष्कराचा. लोकप्रियता वाढत गेली तशी क्रीडा खात्याशी आणि फेडरेशनशी तेढही वाढली. शेवटी जुलै १९६७ मध्ये, संघ ऐन भरात असताना, सरकारी आदेशाने शाहीन बरखास्त झाला.

आता १९६३ कडे या. अली अब्दो हा अमेरिकेत राहून आलेला मुष्टियोद्धा. त्याने तेहरानला येऊन पर्सेपोलिस हा क्रीडा क्लब काढला आणि बोलिंगचं मोठं केंद्र उभं केलं. तिथे बोलिंग, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल चालायचं. फुटबॉलचा संघ होता, पण खालच्या श्रेणीतला, फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला. शाहीन मोडल्यावर त्याचे खेळाडू उघड्यावर आले तेव्हा मसूद बोरूमंद आणि परवीझ देहदारी या दोघा शाहीनवाल्यांनी पुढाकार घेतला आणि बरेच खेळाडू अब्दोच्या क्लबात आणले. खेळाडूंमागून त्यांचे प्रेक्षकही आले. म्हणून कागदावर स्थापना १९६३ ची, आणि ज्याला आज जग पर्सेपोलिस म्हणतं त्याची खरी सुरुवात १९६७ ची. मला विचाराल तर जीव १९४२ चा आहे.

लगेच दोन वर्षांत आणखी एक उलथापालथ झाली. 'पैकान' मोटार बनवणाऱ्या इराण नॅशनल कारखान्याच्या मालकांनी स्वतःचा संघ काढला आणि १९६९ मध्ये पर्सेपोलिसचे बहुतेक खेळाडू तिकडे गेले. पैकान त्या वर्षी तेहरानचा विजेता झाला. पुढच्याच वर्षी खेळाडू परत आले. पैसा तिकडे होता, लोक इकडे होते.

प्रतिस्पर्ध्याबद्दल सांगितल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही. आजचा एस्तेग्लाल म्हणजे पूर्वीचा 'ताज', म्हणजे मुकुट. १९४५ मध्ये परवीझ खुस्रोवानी या लष्करी अधिकाऱ्याने तो काढला तेव्हा त्याचं नाव होतं 'दोचर्खे-सवारान'. मराठी माणसाला हे फोडून सांगायला नको: दो चर्खे म्हणजे दोन चाकं, सवार म्हणजे स्वार. सायकलस्वारांचा क्लब! पुढे तो ताज झाला, आणि निळा रंग, मुकुटाचं नाव, लष्करी संस्थापक यांमुळे राजदरबाराचा क्लब अशी त्याची ओळख झाली. लाल पर्सेपोलिस कष्टकऱ्यांचा आणि निळा ताज वरच्या वर्गाचा ही विभागणी तेव्हाही पूर्ण खरी नव्हती, आज तर अजिबातच नाही. एकाच घरात एक भाऊ लाल, एक निळा, हे तेहरानमध्ये रोजचं आहे. पण ती समजूत शाहीनच्या बरखास्तीतून आली आहे, हे लक्षात ठेवा. आपला क्लब सरकारने मोडला, त्यांचा मोडला नाही, ही सल त्यात आहे.

दोन्हीकडचे लोक एकमेकांना जी नावं ठेवतात तीही ऐकण्यासारखी आहेत. पर्सेपोलिसवाल्यांना 'लोंगी' म्हणतात. इराणी हमामात कमरेला गुंडाळायचं लाल कापड म्हणजे 'लोंग'. आपली लुंगी त्याच घराण्यातली. एस्तेग्लालवाल्यांना 'कीसे', म्हणजे हमामात अंग घासायची पिशवी. आणि सप्टेंबर १९७३ नंतर लालवाल्यांनी त्यांना आणखी एक नाव दिलं, 'शिशताई', म्हणजे सहावाले. त्या दिवशी पर्सेपोलिसने ताजला ६-० हरवलं होतं. हुमायून बेहझादीने तीन गोल केले. हेडरवरच्या हुकमतीमुळे त्याला 'सोनेरी डोक्याचा' म्हणत. पन्नास वर्षं उलटून गेली तरी आजच्या पोरांच्या हातांवर सहा बोटं वर असतात, आणि त्यांच्या बापांनीही तो सामना पाहिलेला नसतो.

त्याच मोसमात इराणची पहिली खरी राष्ट्रीय लीग सुरू झाली, तख्त-ए-जमशीद कप. पहिला विजेता पर्सेपोलिस. यातली गंमत अशी की शिराझजवळच्या ज्या प्राचीन राजधानीच्या भग्नावशेषांना ग्रीक पर्सेपोलिस म्हणाले, त्यालाच इराणी लोक तख्त-ए-जमशीद म्हणतात. संघ आणि स्पर्धा दोघांची नावं एकाच जागेची. हेच नाव पुढे क्लबला जड जाणार होतं.

आता मैदान. सुरुवातीचे सगळे मोठे सामने अमजदियेवर व्हायचे. शहराच्या मध्यभागातलं, अंगावर येणारं, जेमतेम तीस हजारांचं ते मैदान. लाल-निळ्यांची पहिली लढत एप्रिल १९६८ मध्ये तिथेच झाली, ०-०. त्याच वर्षी मे महिन्यात इराणने तिथेच इस्रायलला २-१ हरवून आशियाई चषक जिंकला. गोल बेहझादी आणि कलीचखानीचे. आज त्या मैदानाला शहीद शिरूदी म्हणतात.

पण १९७४ चे आशियाई खेळ तेहरानला मिळाले आणि इराणच्या शहाला, म्हणजे राजाला, जगाला दाखवायला काहीतरी भव्य हवं होतं. शहराच्या पश्चिमेला मोकळ्या जमिनीवर वास्तुविशारद अब्दुल-अझीझ फर्मानफर्माईयान याने एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम उभं केलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये, राजेशाहीच्या २५०० वर्षांच्या सोहळ्यातच, त्याचं उद्घाटन झालं. नाव ठेवलं 'आर्यमेहर', शहाचीच पदवी. हेच आजचं आझादी. शेजारी कृत्रिम तलाव, पोहण्याचे तलाव, बंदिस्त सभागृह, सायकलिंगचा ट्रॅक अशी अख्खी नगरीच.

आपल्याशी त्याचं नातं इथूनच सुरू होतं. सप्टेंबर १९७४ मध्ये याच स्टेडियममध्ये टी. सी. योहन्नन यांनी ८.०७ मीटर लांब उडी मारून आशियाई विक्रम केला, श्रीराम सिंग यांनी ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं. फुटबॉलचं सुवर्ण इराणने इस्रायलला १-० हरवून घेतलं.

आझादीची रचना समजून घ्या, कारण आवाज त्यातूनच येतो. दोन थरांचं प्रचंड वाडगं आहे, वर छप्पर नाही. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळे प्रेक्षक खेळाडूंपासून लांब. नियमाने असं मैदान थंड वाटायला हवं. पण आवाज बाहेर न जाता वाडग्यातच घुमत राहतो. आम्ही स्टुडिओत बसून समालोचन करतो तेव्हा कानातल्या यंत्रात मैदानावरचा आवाज वेगळ्या वाहिनीवर येतो. इतर मैदानांवर तो लाटेसारखा चढतो आणि उतरतो. आझादीच्या मोठ्या सामन्यात तो उतरतच नाही. एकसारखी घरघर चालू असते, आणि आपण आपोआप वरच्या पट्टीत बोलायला लागतो. पुढे खुर्च्या बसवल्या आणि क्षमता ७८ हजारांवर आली, पण त्याआधी तिथे एक लाखाहून जास्त लोक दाटीवाटीने बसायचे. नोव्हेंबर १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्याला सव्वा लाखाच्या वर माणूस होता असं सांगतात. या गर्दीची किंमतही मोजावी लागली आहे. मार्च २००५ मध्ये जपानला हरवल्यावर बाहेर पडताना चेंगराचेंगरी झाली आणि सात जणांचा जीव गेला. गर्दीचं कौतुक करताना मी ते सात जण विसरू शकत नाही. सामना बघायला गेलेला माणूस घरी परत आलाच पाहिजे.

१९७९ ची क्रांती झाली आणि सगळी नावं बदलली. आर्यमेहरचं आझादी झालं, म्हणजे स्वातंत्र्य. ताजचं एस्तेग्लाल झालं, म्हणजेही स्वातंत्र्यच, पण राष्ट्राच्या स्वाधीनतेच्या अर्थाने. अब्दोचा क्लब सरकारजमा होऊन मोस्तझअफान फाउंडेशनकडे, म्हणजे वंचितांसाठीच्या प्रतिष्ठानाकडे गेला आणि नंतर क्रीडा खात्याकडे. 'पर्सेपोलिस' या नावाला राजेशाहीचा वास येत होता. आधी क्लबचंही नाव आझादी करायचा प्रयत्न झाला. खेळाडूंनी तो मानला नाही. शेवटी ऐंशीच्या दशकात 'पिरूझी', म्हणजे विजय, हे नाव अधिकृत झालं. कागदावर, निकालपत्रकांत, सरकारी दूरदर्शनवर पिरूझी. स्टँडमध्ये मात्र एका दिवसासाठीही नाही. लोक पर्सेपोलिसच म्हणत राहिले. अधिकृत नाव पुन्हा पर्सेपोलिस झालं ते २०१२ मध्ये. पाव शतक एक क्लब दोन नावांनी जगला, आणि शेवटी कागदाला लोकांचं ऐकावं लागलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर.

याच सुमारास इराकशी आठ वर्षांचं युद्ध चाललं. राष्ट्रीय लीग बंद होती, तेहरानची प्रांतिक लीग तेवढी खेळली जायची. तो काळ एका माणसाने ओढून नेला: अली परवीन. सात नंबरचा जर्सी, १९७८ च्या विश्वचषकात इराणचा कर्णधार, पुढे खेळाडू आणि प्रशिक्षक एकाच वेळी. लोक त्याला 'सुलतान' म्हणतात. राजा गेलेल्या देशात हे बिरुद लोकांनी एका फुटबॉलपटूला आपणहून दिलं. १९९१ मध्ये आशियाई कप विनर्स कप त्याच्याच हाताखाली आला. लालवाल्यांकडे आशियातलं मोठं विजेतेपद म्हणावं असं ते एकच. एस्तेग्लालकडे आशियाई क्लब विजेतेपदं दोन आहेत, १९७० ची आणि १९९०-९१ ची. हा काटा लालवाल्यांना फार खोल रुतलेला आहे.

नव्वदच्या दशकात अली दाई, करीम बाघेरी, मेहदी महदविकिया, गोलरक्षक आबेदझादे अशी पिढी या लाल जर्सीतून युरोपात आणि विश्वचषकात गेली. त्यावर वेगळं लिहिता येईल. मला थांबायचंय ते १७ मे २००८ वर.

त्या मोसमात फिफाने पर्सेपोलिसचे सहा गुण कापले होते. प्रशिक्षक होता अफशिन घोत्बी, लहानपणी इराण सोडून अमेरिकेत गेलेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या देशात काम करायला आलेला. शेवटचा सामना आझादीवर, समोर इस्फहानचा सेपाहान. बरोबरी झाली तरी सेपाहान विजेता. १-१ अशी स्थिती, नव्वद मिनिटं संपली, जादा वेळही संपत आला. ९६ व्या मिनिटाला चेंडू गोलसमोर आला आणि सेपेहर हैदरीने डोक्याने आत घातला. ती चित्रफीत मिळवून बघा, आणि गोलच्या आधीचे दोन-तीन सेकंद बघा. हैदरीने उडी मारायच्या आधीच मागच्या स्टँडमधली माणसं उभी राहिलेली असतात. त्यांना कळलेलं असतं.

२०१७ ते २०२१ सलग पाच वेळा लीग. त्यातल्या पहिल्या तीन क्रोएशियाच्या ब्रांको इवान्कोविचच्या, पुढच्या दोन याह्या गोलमोहम्मदीच्या. पण आशियाई विजेतेपद दोनदा हातातून निसटलं. २०१८ मध्ये नवे खेळाडू नोंदवायला बंदी असताना, तुटपुंज्या संघानिशी ते आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेले. जपानच्या काशिमा क्लबने आपल्या देशात २-० केलं आणि १० नोव्हेंबरला आझादीवर ०-०. दोन वर्षांनी कतारमध्ये दक्षिण कोरियाच्या उल्सानने २-१ हरवलं.

काशिमाविरुद्धच्या त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या लेखी ती निकालापेक्षा मोठी आहे. काही शे बायकांना निवडून आत सोडलं होतं. क्रांतीनंतर इराणात पुरुषांच्या फुटबॉल सामन्यांना बायकांना जवळपास बंदीच होती. डिसेंबर १९९७ मध्ये विश्वचषकासाठी पात्र ठरलेल्या संघाच्या स्वागताला हजारो बायका दारं लोटून आझादीत शिरल्या होत्या. दाढीमिशा लावून मुलाच्या वेशात सामना बघायला जाणाऱ्या मुलींच्या गोष्टी तर कितीतरी. मार्च २०१९ मध्ये तशाच वेशात आझादीच्या दारात पकडली गेलेली सहर खोदायारी, एस्तेग्लालची चाहती, तुरुंगवासाच्या भीतीने तिने स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. लोक तिला 'निळी मुलगी' म्हणतात. लालवालेही तिच्यासाठी रडले. महिनाभरात, १० ऑक्टोबर २०१९ ला, कंबोडियाविरुद्धच्या सामन्यासाठी साडेतीन हजारांच्या आसपास बायका तिकीट काढून आत बसल्या. इराणने १४-० जिंकलं. डिसेंबर २०२३ मध्ये लाल-निळ्यांच्या लढतीलाही त्या होत्या. पर्शियनमध्ये प्रेक्षकाला 'तमाशागर' म्हणतात, म्हणजे फक्त बघणारा. एवढंच तर त्या मागत होत्या.

आता गोवा. एप्रिल २०२१, करोनाचा काळ, फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम रिकामं. २० एप्रिलला १४ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर एदू बेदियाने डोक्याने गोल केला आणि एफसी गोवा पर्सेपोलिसच्या पुढे गेला. चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारतीय क्लबचा तो पहिला गोल. दहा मिनिटांत पर्सेपोलिसने दोन गोल केले, सामना १-२ गेला. तीन दिवसांनी ०-४. दुसऱ्या सामन्यात दोन संघांतलं अंतर खरं दिसलं. चेंडू गोव्याकडे असतानाही पर्सेपोलिसचे खेळाडू पुढच्या पासच्या जागेवर आधीच उभे असायचे.

त्या लढतीच्या वेळी पर्सेपोलिसच्या समाजमाध्यमावरच्या एका आक्षेपार्ह पोस्टबद्दल आशियाई महासंघाने कारवाई केली, आणि शिक्षा प्रत्यक्षात आली ती १९ सप्टेंबर २०२३ ला. त्या दिवशी सौदी अरेबियाच्या अल नस्र क्लबबरोबर क्रिस्तियानो रोनाल्डो तेहरानमध्ये होता. त्याच्या बसमागे रस्त्यावर लोक धावत होते, हॉटेलबाहेर गर्दी उसळली होती. आणि आझादी रिकामं. पर्सेपोलिस ०-२ हरलं. हजारो लोक कित्येक वर्षं ज्या रात्रीची वाट बघत होते ती एका पोस्टमुळे गेली. त्यात त्यांचा काय दोष?

राहिला मालकीचा प्रश्न. आझादी सरकारचं आहे, कुठल्याच क्लबचं नाही. राष्ट्रीय संघ, पर्सेपोलिस आणि एस्तेग्लाल तिघेही तिथे खेळत आले आहेत. म्हणून एकाच मैदानाला दोघांचं घर म्हणतात. फातोर्डाही एफसी गोवाचं नाही, गोवा सरकारचं आहे, त्यामुळे आपल्याला हे नवं वाटू नये. अडचण मैदानाची कधी नव्हती, क्लबांची होती. कित्येक वर्षं दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच क्रीडा मंत्रालयाच्या मालकीचे होते. एकाच स्पर्धेत एका मालकाचे दोन संघ चालत नाहीत, या आणि अशा परवान्याच्या अटींपायी २०२२ मध्ये दोघांनाही चॅम्पियन्स लीगबाहेर बसावं लागलं. २०२४ मध्ये पर्सेपोलिसचा मोठा हिस्सा बँकांच्या गटाला आणि एस्तेग्लालचा एका पेट्रोकेमिकल समूहाला विकला गेला. याने कारभार सुधारेल का, हे सांगायला अजून काही मोसम जावे लागतील. मला आशा आहे, कारण खेळाडूंचे थकलेले पगार आणि त्यावरून फिफाकडे जाणारे दावे हे या क्लबचं जुनं दुखणं आहे, आणि ते मैदानावर बरं होत नाही. दरम्यान आझादीचं नूतनीकरण निघालं आणि संघाला घरचे सामने इतर मैदानांवर खेळावे लागले.

तुम्ही हा संघ पहिल्यांदाच बघणार असाल तर सामना सुरू झाल्यावर घड्याळाकडे लक्ष ठेवा. कर्णधार हादी नोरूझी १ ऑक्टोबर २०१५ ला झोपेतच गेला, वय फक्त तीस. त्याचा नंबर २४ होता. २४ वं मिनिट लागलं की गोल कितीही झालेले असोत, स्टँडमधून त्याचं नाव येतं.